ट्रॉलीच्या चाकाला अर्धा तास द्या

हातकणंगले तालुक्यातल्या आणि आसपासच्या साखर कारखान्यांचे अध्यक्ष, कार्यकारी संचालक आणि मुख्य शेती अधिकारी यांना,



मी मोटार मेकॅनिक ट्रेडचा निवृत्त शिल्पनिदेशक. सगळी नोकरी आयटीआयच्या वर्कशॉपमध्ये गेली, आता हातकणंगल्यात राहतो. सांगली-कोल्हापूर रस्त्याला शिरोलीपासून जयसिंगपूरपर्यंत जी गॅरेजं आहेत, त्यांतल्या बऱ्याच ठिकाणी माझ्या हाताखाली शिकलेली पोरं आज मिस्त्री म्हणून उभी आहेत. त्यांच्याकडं माझं येणं-जाणं असतं. तिथं जे दिसतं ते तुमच्यापर्यंत पोचत नाही. तुमच्या गेटावर ट्रॉली येते ती उसानं भरलेली, नंबर लावून उभी. ती रस्त्यावर यायच्या आधीची रात्र तुम्ही बघत नाही. हंगामाला अजून वेळ आहे, तोवर त्या रात्रीबद्दल चार गोष्टी तुमच्या कानावर घालतो.

दसरा झाला की गॅरेजसमोर ट्रॉल्यांची रांग लागते. पावसाळाभर गवतात उभी राहिलेली ट्रॉली, हवा जाऊन बसलेले टायर, हबातलं ग्रीस सुकून घट्ट झालेलं. मालकाला ती दोन दिवसांत हवी असते, आणि त्याच दोन दिवसांत आणखी दहा जणांना त्यांची हवी असते. मिस्त्री एकच, हाताखाली दोन पोरं.

सुरुवात रंगापासून होते. ट्रॉलीला रंग लागल्याशिवाय आपल्याकडं हंगाम लागत नाही, आणि त्यात मला काही वावगं वाटत नाही. माणूस आपल्या पोटाच्या साधनाला सजवणारच. पण कॉम्प्रेसरनं मारलेला रंग चाकाच्या डिस्कवर, हबच्या तोंडावर, स्टडच्या आट्यांवर सगळीकडं बसतो. तो पुरता वाळायच्या आत चाक चढतं आणि नट आवळले जातात. पान्याला नट घट्ट लागतो. खरं तर तो लोखंडावर बसलेला नसतो, मधल्या रंगाच्या थरावर बसलेला असतो. ट्रॉली भरून खड्ड्यांतून दोन-चार खेपा झाल्या की तो थर चिरडतो, झिजतो, आणि जेवढा थर गेला तेवढी पकड गेली. नट जागचा फिरलेलाही नसतो, तरी सैल झालेला असतो. मग डिस्क हबवर सरकायला लागते, स्टडचं भोक लांबट होतं, एक स्टड तुटतो, त्याचा भार शेजारच्यावर जातो. चाक निघून रस्त्यानं पळायला लागतं तेव्हा ड्रायव्हर सांगतो, "एकाएकी गेलं ओ." एकाएकी जात नसतं ते. त्याआधी नटांभोवती तांबूस रेघा उमटलेल्या असतात, फटीतून गंजाची भुकटी बाहेर आलेली असते. दिवसाउजेडी वाकून बघितलं तर शाळकरी पोरालासुद्धा दिसेल.

यावर उपाय शोधून काढायची गरज नाही, तो प्रत्येक मिस्त्रीला ठाऊक आहे. डिस्क आणि हब जिथं एकमेकांना टेकतात तिथला रंग तारेच्या ब्रशनं काढायचा, नट समोरासमोरचे घेत आवळायचे, टॉर्क पान्यानं शेवटचा पीळ द्यायचा. छोट्या कारच्या चाकाच्या नटाला साधारण १०० न्यूटन-मीटर लागतात, मोठ्या ट्रकच्या नटाला ६०० च्या आसपास. पान्याला पाइप घालून अंगाच्या जोरावर हा फरक कळत नाही. कमी झाला तर नट सुटतो, जास्त झाला तर स्टड ताणून कमजोर होतो. आणि सगळ्यात महत्त्वाचं, पहिली भरलेली खेप झाली की सगळे नट पुन्हा एकदा आवळून बघायचे. एका ट्रॉलीला याला अर्धा तास लागतो. घाईत नेमका तोच उडतो.

हबाचं तसंच. आतलं टेपर रोलर बेअरिंग बसवताना नट आधी आवळायचा, चाक हातानं फिरवायचं, मग नट थोडा मागं घ्यायचा आणि कॉटर पिन घालून दोन्ही टोकं वाकवायची. आवळून तसाच सोडला तर बेअरिंग तापतं, ग्रीस वितळून बाहेर येतं आणि हब जाम होतो. फार सैल राहिला तर चाक डुलतं. कॉटर पिनेची किंमत पाच-दहा रुपये. पण रात्री दहाला डब्यातल्या पिना संपल्या की दुकान बंद असतं. एकदा एका ट्रॉलीच्या हबाची टोपी काढून बघितली तर पिनेच्या जागी वेल्डिंगच्या रॉडचा तुकडा वाकवून घातलेला होता. वरून टोपी बसली, टोपीला रंग लागला, काम संपलं.

ड्रॉबारला चीर गेली असेल तर ती चीर शेवटपर्यंत कुठं गेलीय ते शोधून, खाच करून, मुळापासून वेल्डिंग भरायला पाहिजे. घाईत वरूनच टाका मारतात. टाका वरून सुबक दिसतो, चीर खाली तशीच राहते. दोन ट्रॉल्या एका ट्रॅक्टरमागं जोडल्या की मागच्या ट्रॉलीचा सगळा ओढा त्या टाक्यावर येतो. मी पाहिलेल्या बहुतेक ट्रॉल्यांना स्वतःचा ब्रेक नसतो. उतारावर हुक सुटला तर ती अडवायला मागं काहीही नाही.

हे सगळं करणाऱ्या पोरांना काम येत नाही, असा समज करून घेऊ नका. त्यांतल्या एकाला मी रात्रीच्या वेळी टोकलं तेव्हा तो हातातला पाना खाली न ठेवता म्हणाला, "सर, तुम्ही शिकवलेलं सगळं पाठ आहे. पण मालक बाहेर खुर्ची टाकून बसलाय."

मालक तरी का बसतो? त्याचा ऊसतोड टोळीशी करार झालेला असतो, मुकादमाला लाखांत उचल दिलेली असते, आणि उचल घेऊन टोळीच न आल्यानं बुडालेले वाहतूकदार आपल्या प्रत्येक गावात आहेत. टोळी आली आणि ट्रॅक्टर गॅरेजमध्ये असला तर माणसं बसून खातात. दिवसभर बसलेली टोळी दुसरा कुणी फोडून नेतो. मालकाजवळ जे पैसे होते ते टोळीत गेले, म्हणून दुरुस्ती सगळ्यात शेवटी आणि सगळ्यात स्वस्तात. त्यात हंगामाची तारीख. सरकारनं २०२४ साली १५ नोव्हेंबर दिली, २०२५ साली १ नोव्हेंबर. तारखेवर कुणी विसंबून राहत नाही, कारण ऊसदराचा प्रश्न मिटल्याशिवाय कोयता लागत नाही, हे आपल्या जिल्ह्यात सगळ्यांना माहीत आहे. २३ नोव्हेंबर २०२३ ला शिरोलीत महामार्ग रोखला गेला आणि त्याच दिवशी तोडगा निघाला. शेतकऱ्याला त्याचा दर मिळालाच पाहिजे, त्या लढ्याबद्दल माझ्या मनात आदरच आहे. मी फक्त गॅरेजमधून काय दिसतं ते सांगतोय: तोडगा निघाल्याची बातमी आली की महिनाभर 'बघू, करू' म्हणत थांबलेली सगळी ट्रॉली-दुरुस्ती त्या एका रात्रीवर येऊन पडते.

तुम्ही म्हणाल, वाहनाची तपासणी हे आरटीओचं काम, आम्हाला का लिहिता? त्याचं कारण असं. ट्रक आठ वर्षांचा होईपर्यंत दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी फिटनेसला जातो. शेतीचा ट्रॅक्टर मात्र १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत बिगर-परिवहन वाहन धरला आहे. नोंदणीची १५ वर्षं भरेपर्यंत त्याला दरसाल तपासणीला बोलावणारं कुणी नाही. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचं कलम १९० सदोष वाहन रस्त्यावर आणणाऱ्याला शिक्षा सांगतं, पण ते कलम बहुधा अपघातानंतरच आठवतं. रस्त्यात पोलीस अडवतात ते टेपचा आवाज मोठा म्हणून किंवा ऊस बाहेर आलाय म्हणून. अडवावंच, पण नटाला हात लावून कुणी बघत नाही. अख्ख्या साखळीत प्रत्येक ट्रॉलीचे कागद दरवर्षी हातात घेणारं आणि प्रत्येक खेपेला ती ट्रॉली डोळ्यांसमोर उभी करून घेणारं ठिकाण एकच आहे, तुमचा कारखाना. करार तुमच्या शेती ऑफिसात होतो. टोकन तुमचं, काटा तुमचा, यार्ड तुमचं.

आणि नीट दुरुस्ती म्हणजे काय हे तुमच्याइतकं कुणाला कळतं? हंगाम संपला की तुमच्याकडं ओव्हरहॉलिंग सुरू होतं. मिलचे रोलर उतरतात, टर्बाइन उघडतं, बेअरिंगं मोजली जातात, पंप-व्हॉल्व्ह खोलून बसवले जातात. पावसाळ्याचे महिने त्यात जातात. बॉयलरला पाण्याचा दाब देऊन तपासल्याशिवाय आणि बॉयलर निरीक्षकाचं प्रमाणपत्र आल्याशिवाय अग्निप्रदीपनाचा नारळ फुटत नाही. ही शिस्तही आपोआप आलेली नाही. १८६३ साली कोलकात्यात बॉयलर फुटून माणसं मेली, तेव्हा १८६४ मध्ये बंगालात पहिला कायदा झाला. पुढं १९२३ चा कायदा सगळ्या देशासाठी आला आणि आता २०२५ चा नवा आला आहे. गेटाच्या आत मुळी चुकायला जागा ठेवायची नाही, असं तुम्ही ठरवलंय. गेटाच्या बाहेर, तुमच्याच उसाला तुमच्याच दारात आणणारं चाक एका रात्रीत, बॅटरीच्या उजेडात चढतं. या दोन गोष्टी एकाच कारखान्याच्या आहेत हे मला पटवून घेता येत नाही.

घाईची चूक हुशार आणि अनुभवी माणसाच्या हातूनही होते, याचं एक उदाहरण मी दर बॅचला सांगत असे. १० जून १९९० ला ब्रिटिश एअरवेजचं एक विमान बर्मिंगहॅमहून स्पेनमधल्या मालागाला निघालं. १७ हजार फुटांवर गेल्यावर वैमानिकासमोरची काच सुटून बाहेर उडाली आणि कॅप्टन अर्धा बाहेर ओढला गेला. सोबतच्या कर्मचाऱ्यांनी त्याचे पाय धरून ठेवले, सहवैमानिकानं विमान उतरवलं, कॅप्टन वाचला. ती काच आदल्या पहाटे बदललेली होती. माणसं कमी होती म्हणून रात्रपाळीच्या प्रमुखानं काम स्वतःच अंगावर घेतलं, आणि जुन्या बोल्टशी नजरेनं जुळवून नवे बोल्ट निवडले. ९० पैकी ८४ बोल्ट जेमतेम दोन-तृतीयांश मिलिमीटरनं बारीक निघाले. आट्यांत गेले, पान्याला आवळलेही गेले. पकड मात्र आली नाही. आपल्या गॅरेजमधल्या जुन्या नट-बोल्टच्या डब्यात हात घालून रोज हेच चालतं, 'बसतोय ना, मग झालं.' विमानाच्या धंद्यात या अपघाताची चौकशी झाली, कारणं छापली गेली, पद्धती बदलल्या. ट्रॉलीचं चाक गेलं तर आपण ड्रायव्हरला शिव्या देतो आणि दुसरं चाक आणतो.

कारवाल्यांचीही यात सुटका नाही, कारण मिस्त्री तोच असतो. ज्या आठवड्यात ट्रॉल्यांची रांग लागते, त्याच आठवड्यात दिवाळीसाठी पुण्या-मुंबईहून आलेल्या गाड्या 'जरा बघून ठेव, उद्या जोतिबाला जायचंय' म्हणून उभ्या राहतात. ऑइल फिल्टर बदलताना जुना रबरी वायसर इंजिनला चिकटून राहिला आणि त्यावर नवा चढला, तर गाडी गॅरेजमधून नीट बाहेर पडते आणि थोड्या वेळात सगळं ऑइल रस्त्यावर सांडते. ड्रेन प्लग हातानं लावून 'नंतर आवळतो' म्हटलं आणि मध्येच फोन आला, तर तो नंतर कधीच येत नाही. ब्रेकचे पॅड नवीन टाकले की पिस्टन मागं ढकललेला असतो. पेडल चार-सहा वेळा दाबून पॅड डिस्कला टेकवून घ्यायला जेमतेम दहा सेकंद लागतात. ती दहा सेकंदं विसरली की मालक गाडी काढतो आणि पहिलाच ब्रेक पायाखाली पार तळाला जातो. समोर मोकळं मैदान असेल तर बरं. आपली गॅरेजं थेट हमरस्त्याला लागून आहेत, समोर उसाची ट्रॉली असते.

घाईनं मिस्त्री स्वतःही मरतो, हे तर कुणी बोलतच नाही. भरल्या ट्रॉलीचं चाक रस्त्यात बसलं की ऊस उतरवायला माणसं नसतात आणि वेळही नसतो. मग साइडपट्टीच्या मुरमावर जॅक लावून, भरल्या ट्रॉलीखाली पोरगा आडवा होतो. मुरूम दबला की जॅक कलतो. एक लाकडी ठोकळा जॅकखाली आणि एक एक्सलखाली, एवढीच त्याच्या जिवाची हमी, पण ठोकळा गॅरेजमध्ये राहिलेला असतो कारण फोनवर 'लगेच ये' म्हटलेलं असतं. ट्रकच्या रिंगवाल्या चाकात पिंजऱ्याशिवाय हवा भरताना रिंग उडून तोंडावर बसते, ती दुसरी गोष्ट. मी या पोरांना सोळाव्या-सतराव्या वर्षी हातात पाना धरायला शिकवलंय. त्यांच्या आया मला बाजारात भेटतात.

आता मागणी सांगतो.

वेळ नाही, वेळ नाही असं सगळेच म्हणतात, पण वेळ आहे, आणि तो तुमच्याच यार्डात पडून आहे. नंबर लावून ट्रॉली तासन् तास उभी असते. हंगाम ऐन भरात असताना रात्र काढावी लागते, ड्रायव्हर ट्रॉलीखालीच झोपतात. टोकनवरची वेळ आणि रिकाम्या काट्याच्या पावतीवरची वेळ यांतलं अंतर काढा, तुमच्याच रेकॉर्डमध्ये सापडेल. त्या तासांत कुणी चाकाकडं बघत नाही, आणि बाहेर पडल्यावर मात्र दहा मिनिटं थांबायला कुणी तयार नसतं. म्हणून यार्डात एक शेड करा. दिवस-रात्र प्रत्येक पाळीला एक मिस्त्री आणि एक मदतनीस पगारावर ठेवा. टॉर्क पाना, ग्रीसगन, कॉटर पिना, हुकाच्या लॉकपिना, दोन चांगले जॅक, ठोकळे, आणि भरपूर उजेड. रांगेतली ट्रॉली पुढं सरकत असतानाच नट बघायचे. रिकामी होऊन काट्यावरून उतरली की हब हातानं चाचपायचा, तापलेला लागला तर बाजूला घ्यायचा. रेल्वेत गाडी स्टेशनात उभी असताना हातोडीनं चाकं ठोकून बघणारा माणूस असायचा. सैल नटही हातोडीला वेगळा बोलतो, त्याला फार मोठं यंत्र लागत नाही.

पण शेड बांधून भागणार नाही. त्या मिस्त्रीनं 'ही ट्रॉली आज जायची नाही' म्हटलं तर ती जाता कामा नये, आणि त्यापायी मालकाचा नंबर मोडता कामा नये. हे दुसरं नसेल तर पहिलं टिकणारच नाही. दुरुस्ती झाली की ती ट्रॉली तिच्याच जागी रांगेत परत यावी, टोळी बसून राहिली तर त्या दिवशी शेती विभागानं त्यांना दुसरं वाहन द्यावं. नंबर जाईल या भीतीनं ड्रायव्हर सैल चाक लपवतो. ती भीती काढली तर तोच आधी येऊन सांगेल, कारण जीव त्याचाही आहे.

करार करताना आरसी आणि विम्याच्या झेरॉक्स घेता, तसं एक चाक उतरवूनही बघा. प्रत्येक गटाला या तपासणीसाठी गणपतीनंतरची वेगवेगळी तारीख द्या, म्हणजे सगळं काम दसऱ्यानंतरच्या एका आठवड्यावर येणार नाही. आणि वाहतूकदाराला जी उचल देता, तिच्यातली दुरुस्तीपुरती रक्कम वेगळी काढून थेट गॅरेजच्या बिलावर, भाद्रपदातच द्या. ती मुकादमाच्या हातात जाऊ देऊ नका.

खर्चाचं म्हणाल तर एका मोठ्या बेअरिंगच्या बिघाडानं मिल काही तास बंद राहिली की किती टन गाळप जातं हे तुमच्या चीफ इंजिनिअरला विचारा. वर्षभराच्या शेडचा खर्च त्याच्यापुढं मांडून बघा. ऊस वाळतो, उतारा पडतो, म्हणून गाडी थांबवता येत नाही, हेही मला माहीत आहे. तोडलेल्या उसाचा उतारा तासागणिक कमी होतो हे खरंच आहे. पण ज्या खेपेचं चाक सावर्डे-मिणचे रस्त्यावर निघालं, तो ऊस दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गव्हाणीत पडतो, आणि मागून अंधारात येणारा मोटारसायकलवाला कुठं पडतो ते मी लिहीत नाही. तुम्ही ट्रॉल्यांना रिफ्लेक्टर लावून देता, ते काम चांगलं आहे आणि त्यानं माणसं वाचली असणार. त्याच कामाच्या पुढची ही पायरी आहे.

माझ्याकडून होईल ते मी करीन. दोन पाळ्यांचे मिस्त्री निवडायला आणि त्यांना आठवडाभर शिकवायला मी एक पैसा घेणार नाही. माझा टॉर्क पाना घेऊन येईन. माझी चार-पाच पोरं हंगामाच्या पहिल्या पंधरवड्यात रात्री यायला तयार आहेत. त्यांना मजुरी मात्र रोजच्या रोज द्या, कारण तेवढ्या रात्री त्यांचं गॅरेज बंद राहणार. तुमच्यापैकी एका कारखान्यानं जरी श्रावणात शेती अधिकारी, चीफ इंजिनिअर आणि वाहतूकदारांची एक बैठक लावली, तर मी पाठीमागं बसून ऐकायलाही येईन आणि विचारलंत तर बोलायलाही. वार कुठलाही चालेल.

आपला,
मोटार मेकॅनिक ट्रेडचा एक निवृत्त शिल्पनिदेशक
हातकणंगले, जि. कोल्हापूर